फेडरेशन म्हणजे नक्की काय? शब्दाचा अर्थ, उगम आणि त्यावरून होणारे गोंधळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेडरेशन म्हणजे काय, थोडक्यात सांगा ना

वेगवेगळी राज्यं (कुठे त्यांना प्रांत म्हणतात, कुठे कॅन्टन, कुठे अमिराती) मिळून एक देश असतो, पण प्रत्येकाचं स्वतःचं सरकारही असतं, आणि कुठलं काम वरच्या सरकारचं, कुठलं खालच्याचं हे संविधानात लिहिलेलं असतं. आणि ही वाटणी दोघांपैकी कुणा एकाला मनाला येईल तेव्हा बदलता येत नाही. हा शेवटचा मुद्दा लोक विसरतात आणि खरी मेख तिथेच आहे. नुसते अधिकार खाली दिले म्हणून फेडरेशन होत नाही. स्कॉटलंडला १९९९ पासून स्वतःची पार्लमेंट आहे, बरेचसे कायदे ती करते, तरी ब्रिटन फेडरेशन नाही, कारण कायद्याने बघितलं तर लंडनच्या पार्लमेंटने दिलेलं लंडनची पार्लमेंट परत घेऊ शकते.

मराठीत आपण संघराज्य म्हणतो. फेडरल म्हणजे संघराज्याचं किंवा संघीय, आणि कॉन्फेडरेशनला बहुतेक ठिकाणी महासंघ किंवा राज्यसंघ लिहिलेलं दिसतं.

हा शब्द मुळात आला कुठून?

लॅटिनमधून. तिथे 'फोएडुस' म्हणजे तह, करार, आणि त्याचं दुसरं रूप 'फोएडेरिस', त्यातूनच पुढे फेडरल आणि फेडरेशन. आता बघा, लॅटिनमध्येच 'फिडेस' असा शब्द आहे, म्हणजे विश्वास, दिलेला शब्द. भाषेचे अभ्यासक हे दोन्ही शब्द एकाच जुन्या धातूपासून आलेत असं मानतात, त्या धातूचा अर्थ भरवसा ठेवणं. इंग्रजीतला फेथ या फिडेसमधूनच आला, फिडेलिटी तिथलाच, बोना फाइड तिथलाच, आणि कोर्टकचेरीत आपण ज्याला ॲफिडेव्हिट म्हणतो तोही त्याच घरातला, त्याचा अर्थ 'त्याने शपथेवर शब्द दिलाय' असा होतो.

म्हणजे फेडरेशन या शब्दाच्या मुळाशी सत्ता नाही, मोठा प्रदेश नाही, राजधानी नाही. एकमेकांना दिलेला शब्द आहे. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण या शब्दावरून जितकी भांडणं झाली ती जवळजवळ सगळी एकाच गोष्टीवर येऊन थांबतात, की शब्द कुणी कुणाला दिला होता आणि तो कुणी मोडू शकतो का.

(लॅटिनमध्ये अगदी असाच दिसणारा दुसरा एक 'फोएडुस' पण आहे, त्याचा अर्थ घाणेरडा, ओंगळ. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.)

रोमन लोक तो कशासाठी वापरायचे?

तहासाठी. सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे इ.स.पू. ४९३ च्या सुमाराचा रोम आणि आसपासच्या लॅटिन शहरांमधला तह, युद्धात एकमेकांना मदत करायची वगैरे. तह करायची पद्धतही भारी होती, फेटियालेस नावाचे खास पुरोहित असायचे, ते कलमं मोठ्याने वाचून दाखवायचे, मग गारगोटीच्या दगडाने डुक्कर मारायचे आणि म्हणायचे की रोमने आधी शब्द मोडला तर ज्युपिटरने रोमच्या लोकांवर असाच घाव घालावा. इतिहासकार लिव्हीने हे वर्णन करून ठेवलंय. म्हणजे करार मोडला तर दंड भरून सुटका नाही, शाप स्वतःवरच घेतलेला.

नंतरच्या काळात 'फोएडेराटी' म्हणून लोक होते, म्हणजे तहाने रोमशी जोडल्या गेलेल्या टोळ्या, त्या रोमसाठी सैनिक द्यायच्या. इ.स. ३८२ मध्ये गॉथ लोकांना असंच साम्राज्याच्या हद्दीत वसू दिलं गेलं. पण इथे 'सगळे मिळून एक देश' असा अर्थ अजिबात नाही हां. दोन वेगळ्या पक्षांमधला करार, बस.

मग इंग्रजीत लगेच राजकीय अर्थाने आला का?

नाही, आणि हा भाग बऱ्याच जणांना नवीन वाटतो. इंग्रजीत आधी आले ते 'कॉन' लावलेले शब्द, कॉन्फेडरेट, कॉन्फेडरसी वगैरे, चौदाव्या शतकाच्या शेवटापासून. 'कॉन' म्हणजे सोबत. त्यांचा अर्थ एकमेकांशी हातमिळवणी केलेले, आणि त्यात चांगली हातमिळवणी पण आली आणि वाईट पण, म्हणून चोराच्या साथीदारालाही इंग्रजीत कॉन्फेडरेट म्हणतात आणि जुन्या कायद्याच्या भाषेत कॉन्फेडरसी म्हणजे कट असाही अर्थ होता.

साधा 'फेडरल' आला सतराव्या शतकाच्या मध्यात आणि तो आला धर्मशास्त्रातून. बायबलमध्ये देव माणसाशी करार करतो, हिब्रूत त्याला 'बेरिथ' म्हणतात, त्याचं लॅटिन लिहिताना प्रोटेस्टंट पंडित फोएडुस वापरायचे. या कराराभोवती सगळी मांडणी करणाऱ्या विचाराला फेडरल थिऑलॉजी असंच नाव पडलं, योहानेस कोक्सेयुस हा त्यातला मोठा माणूस. म्हणजे इंग्रजी वाचणाऱ्याला 'फेडरल' म्हटल्यावर आधी देवाशी केलेला करार आठवायचा, सरकार नाही. राजकारणात तो तिथून रुळला. अठराव्या शतकापर्यंत त्याचं स्पेलिंगसुद्धा बरेच जण लॅटिनसारखं 'एफ'नंतर 'ओ-ई' असं लिहायचे.

आजचा अर्थ कधी आला? त्याआधी वेगळा होता का?

हो, वेगळा होता, आणि तो बदलला १७८७ मध्ये अमेरिकेत. हे जरा सविस्तर सांगतो कारण बाकीचे सगळे गोंधळ इथून सुरू होतात.

स्वातंत्र्ययुद्ध चालू असतानाच तिथल्या तेरा राज्यांनी आपसात एक करार केला होता, आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन, १७७७ मध्ये तयार झाला, १७८१ मध्ये सगळ्यांची मान्यता मिळाली. त्यात काँग्रेस होती पण तिला कर लावायचा अधिकार नव्हता, राज्यांकडे पैसे मागायचे आणि त्यांनी दिले तर दिले. महत्त्वाच्या गोष्टींना तेरापैकी नऊ राज्यं लागायची आणि करारातच बदल करायचा तर तेराच्या तेरा. आयात मालावर थोडा कर लावू द्या अशी दुरुस्ती आली तर एकट्या ऱ्होड आयलंडने नाही म्हटलं आणि ती बारगळली. कर्ज फिटत नव्हतं, सैनिकांचे पैसे थकले होते, १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये कर्जबाजारी शेतकऱ्यांनी बंड केलं.

मग १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात राज्यांच्या प्रतिनिधींची बैठक भरली, अमेरिकेचं आजचं संविधान तिथेच तयार झालं. तिथे जमलेल्या लोकांच्या तोंडी 'फेडरल' म्हणजे जुनाच अर्थ होता, स्वतंत्र राज्यांमधला करार. याच्या विरुद्धचा शब्द होता 'नॅशनल'. ३० मे ला गव्हर्नर मॉरिस (गव्हर्नर हे त्याचं पहिलं नाव आहे, पद नाही) याने उभं राहून फरक सांगितला, की फेडरल म्हणजे निव्वळ करार, तो पाळला जाणं सगळ्यांच्या प्रामाणिकपणावर अवलंबून, आणि नॅशनल म्हणजे ज्याचा अंमल पूर्ण आणि सक्तीचा असतो असं सरकार. लॅटिन मुळातला विश्वास तिथपर्यंत जिवंत होता बघा. पण मॉरिस ते कौतुकाने सांगत नव्हता, त्याचं म्हणणं नुसत्या विश्वासावर देश चालत नाही असं होतं.

पुढे २० जूनला ऑलिव्हर एल्सवर्थने 'नॅशनल' हा शब्दच ठरावातून काढायला लावला, कारण राज्यं बिथरतील अशी भीती होती. आणि संविधान तयार झाल्यावर त्याच्या बाजूच्या लोकांनी, म्हणजे ज्यांना मजबूत केंद्र हवं होतं त्यांनी, स्वतःला फेडरलिस्ट म्हणवून घेतलं. जुन्या अर्थाने बघितलं तर खरे फेडरल विरोधकच होते, राज्यांचा सैलसर करार राहू द्या म्हणणारे. पण नाव गेलं दुसऱ्यांकडे आणि यांच्या नशिबी आलं 'अँटी-फेडरलिस्ट'. त्यांनी याबद्दल कडवट तक्रार केली आणि माझ्या मते त्यांची तक्रार रास्त होती.

अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे या तिघांनी मिळून पब्लियस या टोपणनावाने नव्या संविधानाच्या बाजूने ८५ लेख लिहिले, त्यातल्या ३९ व्या लेखात मॅडिसन सरळ म्हणतो की नवं संविधान ना पूर्ण नॅशनल आहे ना पूर्ण फेडरल, दोन्हींचं मिश्रण आहे. हे मिश्रण म्हणजेच आज आपण ज्याला फेडरल म्हणतो ते. नव्या गोष्टीला नवं नाव कुणी दिलं नाही, जुनाच शब्द पुढे चालू राहिला आणि त्याचा अर्थ सरकला.

फेडरेशन आणि कॉन्फेडरेशनमध्ये फरक काय मग?

१७८७ च्या आधी फार फरक नव्हता, दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी चालायचे. आज फरक असा करतात की कॉन्फेडरेशनमध्ये राज्यं स्वतंत्रच असतात, वरची संस्था राज्यांच्या सरकारांशी बोलते आणि थेट नागरिकाकडे जाऊन कर मागू शकत नाही. फेडरेशनमध्ये वरचं सरकार थेट नागरिकाशी बोलतं, त्याच्याकडून कर घेतं, त्याला कायदा लावतं, त्याचं मत घेतं. परीक्षेत कुणी विचारलं तर एवढं पुरे.

मग कॅनडा आणि स्वित्झर्लंड स्वतःला कॉन्फेडरेशन का म्हणतात?

सवयीने आणि इतिहासामुळे. नावावर जाऊ नका.

स्वित्झर्लंडची परंपरा १२९१ च्या करारापासून मोजतात, ऊरी, श्वित्स आणि ऊंटरवाल्डन या तीन डोंगरी समाजांनी एकमेकांना मदतीची शपथ घेतली. जर्मनमधल्या त्यांच्या नावाचा अर्थच शपथेने बांधलेल्यांचा समूह. ते खरंच सैल कॉन्फेडरेशन होतं, पण १८४७ मध्ये कॅथलिक कॅन्टन्सच्या वेगळ्या आघाडीवरून छोटं युद्ध झालं आणि १८४८ च्या संविधानाने ते फेडरेशन झालं. लॅटिन नाव मात्र कॉन्फोएडेरात्सिओ हेल्व्हेटिका असंच राहिलं, त्यांच्या गाड्यांवर आणि वेबसाइटच्या पत्त्यात 'सीएच' दिसतं ते याचंच संक्षिप्त रूप.

कॅनडात उलटी कथा. १ जुलै १८६७ ला ऑन्टॅरिओ, क्वेबेक, न्यू ब्रन्सविक आणि नोव्हा स्कोशिया हे चार प्रांत एकत्र आले, त्या घटनेला ते कॉन्फेडरेशन म्हणतात. पण पहिले पंतप्रधान जॉन मॅक्डोनाल्ड यांना खरं तर भक्कम केंद्र हवं होतं, कारण शेजारी अमेरिकेत राज्यांच्या हक्कांवरून आणि गुलामगिरीवरून केवढं यादवी युद्ध झालं ते त्यांनी नुकतंच बघितलं होतं. त्या युद्धात फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांनीही स्वतःला कॉन्फेडरेट स्टेट्सच म्हणवलं होतं (१८६१ ते १८६५). तोच शब्द एकीकडे फुटण्यासाठी आणि दुसरीकडे, दोनच वर्षांनी, जुळण्यासाठी.

ऑस्ट्रेलियात सरळ आहे, सहा वसाहती १ जानेवारी १९०१ ला एक झाल्या आणि त्या घटनेलाच ते 'फेडरेशन' म्हणतात, देशाच्या नावात मात्र कॉमनवेल्थ आहे.

फेडरल म्हणजे केंद्राच्या बाजूचा की राज्यांच्या बाजूचा?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आणि उत्तर देशावर अवलंबून आहे. अमेरिकेत 'फेडरल' म्हणजे वॉशिंग्टनचं, म्हणजे वरचं. बातम्यांत 'फेडने व्याजदर वाढवले' येतं तो फेड म्हणजे १९१३ ची फेडरल रिझर्व्ह, तिथली मध्यवर्ती बँक, एफबीआयमधला एफ तोच. जर्मनीत कुणी फेडरल बाण्याबद्दल बोलला तर तो बहुतेक राज्यांच्या अधिकारांबद्दल बोलत असतो. भारतातही साधारण तसंच, 'संघराज्य धोक्यात आहे' असं कुणी म्हणालं की त्याचा अर्थ केंद्र राज्यांवर कुरघोडी करतंय असा असतो. एकोणिसाव्या शतकातल्या अर्जेंटिनात तर यावरून युद्धं झाली, तिथले फेदेराल म्हणजे प्रांतांची स्वायत्तता मागणारे आणि समोर ब्युनोस आयर्समधून एकसंध राज्य चालवू पाहणारे उनितारियो.

फ्रान्समध्ये तर एकाच क्रांतीत शब्द पलटला. १४ जुलै १७९० ला पॅरिसमध्ये फेडरेशनचा मोठा उत्सव झाला, देश एक झाला म्हणून शपथा घेतल्या, आणि १७९३ मध्ये 'फेडरलिझम' हा जिरोंदिन या क्रांतीतल्याच मवाळ गटावरचा आरोप झाला, देश तोडणारे या अर्थाने, आणि त्या वर्षी त्यांच्या नेत्यांना गिलोटिनवर चढवलं गेलं.

युरोपियन युनियनच्या वेळी पण हेच. ज्या तहातून हे युनियन उभं राहिलं त्या मास्ट्रिख्ट तहाच्या मसुद्यात १९९१ मध्ये फेडरल हा शब्द होता. ब्रिटिशांना त्यात ब्रसेल्सचं, म्हणजे युनियनच्या मुख्यालयाचं, राज्य ऐकू आलं, जर्मनांना तोच शब्द सत्ता वाटून घ्यायची हमी वाटायचा. शेवटी ब्रिटनच्या आग्रहाने तो काढला आणि युरोपच्या लोकांचं 'अधिकाधिक घट्ट होत जाणारं युनियन' अशी शब्दयोजना ठेवली. दोन्ही बाजू आपापल्या इतिहासाप्रमाणे बरोबरच ऐकत होत्या, म्हणून कुणी हा शब्द वापरला की आधी विचारायचं की बाबा तू कुठल्या देशातला अर्थ घेऊन बोलतोयस.

युनियन आणि फेडरेशन एकच का?

नाही. युनियन लॅटिन 'ऊनुस' म्हणजे एक, त्यावरून. त्यात फक्त एकपणा सांगितलाय, आतली रचना कशी ते नाही. १७०७ मध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंडचं युनियन झालं पण दोन्ही पार्लमेंटच्या जागी एकच पार्लमेंट आली, फेडरेशन नाही झालं. इंग्रजीतला कांद्याचा शब्द अनियनसुद्धा याच लॅटिन शब्दातून फ्रेंचमार्गे आलाय, पण ते जाऊ दे.

भारताच्या संविधानात फेडरेशन शब्द का नाही?

कलम १ म्हणतं भारत हा राज्यांचा संघ असेल, इंग्रजीत तिथे 'युनियन' आहे. हे चुकून झालेलं नाही. १९३५ च्या कायद्यात ब्रिटिशांनी 'फेडरेशन ऑफ इंडिया'ची योजना केली होती, त्यात संस्थानिकांनी आपापल्या मर्जीने सामील व्हायचं होतं, पुरेसे संस्थानिक आले नाहीत आणि ते फेडरेशन कधी अस्तित्वातच आलं नाही.

४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत मसुदा मांडताना या शब्दाचं स्पष्टीकरण दिलं. ते म्हणाले की भारत फेडरेशनच असणार आहे, पण हे फेडरेशन राज्यांनी आपसात करार करून बनलेलं नाही, आणि करारातून बनलेलं नाही म्हणून कुठल्याही राज्याला बाहेर पडायचा हक्क नाही, ते अभंग आहे म्हणून युनियन. अमेरिकेला हीच गोष्ट ठरवायला यादवी युद्ध लढावं लागलं, आपण ती आधीच स्पष्ट केलेली बरी, असंही त्यांनी सांगितलं.

आता वर फोएडुसचा अर्थ काय होता तो आठवा, करार. आंबेडकरांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलंय. रचना फेडरेशनची ठेवली पण जन्मकथा कराराची नाही म्हणून नाव दुसरं निवडलं. इतक्या नेमकेपणाने शब्द निवडणारा माणूस आपल्याला मिळाला याचा मला खरोखर अभिमान वाटतो.

यामुळेच कलम ३ प्रमाणे संसद राज्यांच्या सीमा बदलू शकते, नवी राज्यं करू शकते, १ मे १९६० ला महाराष्ट्र आणि गुजरात असेच झाले. अमेरिकेत राज्याच्या संमतीशिवाय हे करता येत नाही. के. सी. व्हेअर या अभ्यासकाने म्हणून भारताला अर्ध-फेडरल म्हटलं होतं. पण सुप्रीम कोर्टाने १९९४ च्या बोम्मई निकालात संघराज्य पद्धत हा संविधानाच्या मूलभूत चौकटीचा भाग आहे असं सांगितलंय, त्यामुळे 'भारत फेडरल नाहीच' असं कुणी ठासून म्हणालं तर ऐकू नका. आणि २०२१ मध्ये तमिळनाडू सरकारने 'केंद्र सरकार'ऐवजी मुद्दाम 'संघ सरकार' या अर्थाचा तमिळ शब्द वापरायला सुरुवात केली, म्हणजे शब्दावरचा वाद अजून चालूच आहे.

जोडलेली फेडरेशन्स तुटतात का?

भरपूर. दहा घटकांचं वेस्ट इंडीज फेडरेशन १९५८ ला झालं आणि १९६२ ला संपलं. जमैकाने १९६१ च्या सार्वमतात बाहेर पडायचं ठरवलं तेव्हा त्रिनिदादचे नेते एरिक विल्यम्स म्हणाले होते की दहातून एक गेला की उरतं शून्य. मलेशिया १९६३ मध्ये झाला आणि ९ ऑगस्ट १९६५ ला सिंगापूर वेगळं झालं. चेकोस्लोव्हाकिया १९९३ च्या पहिल्या दिवशी शांतपणे दोन देश झाला, युगोस्लाव्हिया मात्र युद्धं होऊन फुटला. यातली बरीचशी फेडरेशन्स वरून कुणीतरी आखलेली होती, ज्यांना जोडायचं त्यांना एकमेकांवर पुरता भरवसा ठेवायला वेळच मिळाला नव्हता.

राज्याला कायदेशीरपणे बाहेर पडता येतं का?

बहुतेक ठिकाणी एकतर्फी नाही. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १८६९ मध्ये टेक्सासच्या खटल्यात सांगितलं की न तुटणाऱ्या राज्यांचं हे न तुटणारं युनियन आहे. कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने १९९८ मध्ये मधला रस्ता काढला, क्वेबेकला स्वतःच्या मनाने निघता येणार नाही, पण तिथल्या लोकांनी स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमताने कौल दिला तर बाकीच्यांना बोलणी करायला बसावंच लागेल. मला हा निकाल या शब्दाच्या मूळ अर्थाच्या सगळ्यात जवळचा वाटतो, शब्द दिलाय म्हणून एकट्याने मोडायचा नाही आणि समोरच्याचं ऐकूनच घेणार नाही असंही नाही.

सोव्हिएत संघाच्या संविधानात बाहेर पडायचा हक्क कागदावर होता. इथिओपियाच्या १९९५ च्या संविधानात कलम ३९ मध्ये तो आजही आहे. आणि कॅरिबियनमधल्या सेंट किट्स अँड नेव्हिस या चिमुकल्या फेडरेशनमध्ये नेव्हिस बेटाला दोन तृतीयांश मतांनी वेगळं होता येतं. १९९८ मध्ये त्यांनी सार्वमत घेतलं, साधारण ६२ टक्के लोकांनी वेगळं व्हायला होकार दिला, दोन तृतीयांश भरले नाहीत, म्हणून नेव्हिस अजून तिथेच आहे.